मरळीचं माहेर

तलावाच्या भिंतीवर आता लोखंडी कमान उभी आहे. कमानीवर निळा फलक आणि फलकावर उडी मारणारी मरळ. चित्रकाराने जन्मात मरळ पाहिलेली नसावी. मरळ अशी हवेत वाकून, तुषार उडवत येत नाही. ती अंधारात तोंड तेवढं वर काढते, हवेचा एक घोट घेते आणि खाली जाते. त्या घोटाचा आवाज ज्याने ऐकलाय त्याच्या हातून असं चित्र उतरणार नाही. चित्राखाली लिहिलंय, ‘मरळ संवर्धन प्रकल्प’. त्याखाली आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेचं नाव. आणि त्याखाली, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, ‘मा. अध्यक्षांच्या दूरदृष्टीतून’.

नेकनूरकडून येणाऱ्या एसटीतून मी फाट्यावर उतरले होते आणि पिशवी खांद्याला लावून चालत आले होते. फलक वाचला, पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा वाचला.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कोर्टात सोजरआत्याची तारीख होती. तिच्यासाठीच मी शहरातून आले होते. सोजरआत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिच्यावर आणि आमच्या वस्तीतल्या आणखी चार बायांवर चोरीचा खटला चालू आहे. चोरी कशाची? याच मरळींची. फिर्यादी कोण? हेच दूरदृष्टीचे अध्यक्ष. फलक सांगतो, मासे त्यांनी राखले. फिर्याद सांगते, मासे आम्ही चोरले. आणि दोन्हीकडे बोलणारं तोंड एकच!

मागच्या तारखेला वकील आत्याला म्हणाले होते, "कबूल करून टाका मावशी. थोडाफार दंड होईल, सुटाल. नाहीतर उसाच्या फडावरून अशाच येत राहाल म्हातारपणापर्यंत." बाकीच्या चौघी म्हणाल्या, सोजर म्हणेल तसं. आणि सोजर काय म्हणणार हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

पाण्याच्या कडेला शहरातून आलेले काही जण घडीच्या खुर्च्या मांडून बसले होते. हातात बारीक लवचीक काठ्या, डोक्याला बांधलेले दिवे. रात्रीच्या मासेमारीचा पास काढून आले होते. त्यातल्या एकाने मला विचारलं, "ताई, तुम्ही इथल्याच का? मरळ कुठल्या अंगाला लागते हो?"

भला माणूस होता. त्याला मी काही सांगितलं नाही. सांगायला बसले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं.

आमच्या रात्रींना असा उजेड नव्हता.

आमची भोयांची वस्ती तलावाच्या काठाला, सगळ्या घरांची दारं पाण्याकडे. दिवेलागण झाली की आण्णा, म्हणजे माझे वडील, आणि बाकीचे गडी जाळी घेऊन थर्माकोलच्या तराफ्यांवरून आत जायचे. तराफ्यांना खताच्या रिकाम्या पोत्यांची खोळ घातलेली असायची, आणि ती पाण्याला घासत कुरकुरत लांब जायची. आत्या मात्र काठाने जायची, गळ घेऊन. बायांनी गळ टाकू नये असं आमच्यात कुणी म्हणत नव्हतं. म्हणत असते तरी आत्याला म्हणण्याची छाती कुणाची नव्हती. नवऱ्याने टाकलं म्हणून ती माहेरी आली, की नवऱ्याला टाकून आली, यावर वस्तीत दोन मतं होती. तिचं मत विचारलं तर ती म्हणायची, "त्यो सुकी मासळी बी खात नव्हता. आसल्या माणसापाशी काय नांदायचं?"

तिच्या मागोमाग मी बेशरमाच्या झाडीतून जायची. बेशरमाची जांभळी फुलं अंधार पडला तरी जराशी दिसत राहायची. पायाखालचा चिखल वरून गार आणि खाली कोमट असायचा, दिवसभराचं ऊन पोटात धरून बसलेला. कुजक्या शेवाळाचा वास, ओल्या गोणपाटाचा वास, आत्याच्या मिसरीचा वास. आजही कुठल्याशा बोळात ओलं पोतं पडलेलं असलं की मी थांबते. आत्या एकेक काठी चिखलात रोवायची. काठीला दोरी, दोरीला गळ, गळाला बेडकुळी आणि काठीच्या शेंड्याला शेळीच्या गळ्यातलं घुंगरू. मग ती कंदील विझवायची.

"उजेड दिसला की मरळ म्हणती, पाव्हणे आले. आन् जाती पळून," ती म्हणायची. "माज्यासारखीच हाय."

मग नुसतं बसून राहायचं. लांब रस्त्यावर केजची शेवटची गाडी चढावर गिअर बदलायची. पलीकडच्या काठाला टिटवी उगाच भांडायची. आणि मधूनच, अगदी जवळ, पाण्यात कुणीतरी ओठ उघडून मिटल्यासारखा आवाज यायचा. डुब्. मरळीने घोट घेतला. घुंगरू एकदा वाजलं तर आत्या हलायची नाही. "वारं हाय." पुन्हा वाजलं, "खेकडा हाय, मुडदा." आणि सलग वाजायला लागलं की माझ्या पाठीत धपाटा. "ऊठ की गं! पाटलिणीवानी काय बसलीस?"

काळी, सापासारख्या तोंडाची, हातात न मावणारी मरळ. तिचं कालवण येसर मसाला लावून केलं की वस्तीत कुणाच्या घरी काय शिजतंय हे दारातूनच कळायचं. पण एक गोष्ट होती. पाण्यावर मरळीच्या पिल्लांचा लाल घोळका दिसला, की त्या अंगाला कुणी गळ टाकायचा नाही. पिल्लांच्या खाली मरळ आणि मरळ्या दोघंही राखणीला असतात. चुकून लागलीच तर आत्या तिला गळातून काढून सोडून द्यायची आणि वर तिलाच शिव्या द्यायची, "लेकरं टाकून खायला पळतीस व्हय गं, भवाने?"

मी शाळेच्या पुस्तकावर वाचायला शिकले नाही. मी पत्रकांवर शिकले. आण्णा ती बीडहून छापून आणायचे, गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदांचे गठ्ठे. ‘तलाव कुणाचा? जाळं टाकील त्याचा!’ ही ओळ मला बाराखडीच्या आधी पाठ होती. गठ्ठे घरात उतरंडीशेजारी रचलेले असायचे, त्यांना शाईचा आणि घासलेटाचा वास यायचा. वाटून उरलेल्या पत्रकांत आत्या आठवडी बाजारात मासे बांधून द्यायची. ओल्या माशाच्या पोटावर शाई उलटी उमटायची. एकदा एका गिऱ्हाइकिणीने विचारलं, "मावशे, ह्या माशावर काय लिवलंय गं?"

"मागण्या हायेत," आत्या म्हणाली. "धुऊन घे, निगून जात्यात."

बाजार हसला. आण्णा हसले नाहीत. त्यांचा त्या कागदांवर विश्वास होता. माझा अजून आहे, म्हणून तर हे लिहिते आहे.

त्या कागदांतूनच एके दिवशी संस्था उभी राहिली. भोयांची, तलावावर जगणाऱ्यांची सहकारी संस्था. भिंतीच्या कडेला पत्र्याची खोली, खोलीत काटा, काट्यावर पहिल्यांदा कुणा ठेकेदाराचा नाही, आमचा स्वतःचा मासा. त्या रात्री बाप्यांनी हलगी वाजवली. सहकार म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा आण्णांनी हातातलं फाटकं जाळं दाखवलं होतं. "भोक एकाच्या जाळ्याला पडतं, आन् विणायला समदे बसत्यात. त्याला सहकार म्हणायचं."

पण साहेबांपुढे उभं राहून बोलायचं कुणी? कचेरीत आत घेतात कुणाला? वस्तीतल्या जाणत्यांनी ठरवलं, अध्यक्ष मोठा माणूस असावा. गावचे बागायतदार, पुढारी, ज्यांच्या शब्दावर कचेरीतला पंखासुद्धा चालू होतो, त्यांना आण्णा स्वतः बोलवायला गेले. ते झाले आमचे चेरमन. त्यांची डाळिंबाची बाग तलावाला लागूनच. पोहता न येणारा माणूस मच्छीमारांचा अध्यक्ष झाला! आज हे लिहिताना मला जितका संताप येतो तितका त्या दिवशी कुणाला आला नाही. आम्ही हार घातले. हाराची फुलंसुद्धा आम्हीच आणली होती.

मग ती दुष्काळाची साल आली.

तलाव आक्रसत गेला. पाण्याची कड रोज आत सरकायची आणि मागे भेगाळलेला चिखल सोडायची. त्याला उन्हात तापलेल्या शिंपल्यांचा वास. चालताना ते पायाखाली कुरकुर फुटायचे. धरणात बुडालेल्या जुन्या गाडीवाटेचे दगड वर आले. म्हातारी माणसं ते बघायला जायची.

तलाव असा आटायला लागला की शेवटी मधे एकच जागा उरते. आम्ही तिला डोह म्हणतो. धरण होण्याआधी इथून ओढा वाहायचा, त्याच्यातला हा खोल खड्डा. बाकी सगळीकडे पाण्याची डबकी तुटतात आणि त्यांत मरळी अडकतात. दिवसा त्यांना ऊन मारतं आणि बगळे मारतात. म्हणून वस्तीतल्या बाया रात्री डबक्यांत उतरायच्या. गुडघाभर गाळात हात घालून मरळी धरायच्या, ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या आणि डोक्यावर घेऊन डोहात नेऊन सोडायच्या. मरळ हवेवर जगते, अंग ओलं राहिलं की ती बाहेरही तग धरते. सोडण्याआधी तिच्या कपाळाला हळदीचं बोट लावायचं. याला आमच्यात माहेर करणं म्हणतात. मरळ माहेरी गेली. आता तलावाला नवं पाणी येईपर्यंत डोहात ना गळ, ना जाळं. घरात भाकरीबरोबर मीठ-मिरची असो नाहीतर तीही नसो, डोहाला हात नाही. पुढच्या सालचं बी तिथं असतं. ते राहिलं तर वस्ती राहील, ते गेलं तर कोयता घेऊन उसाच्या फडावर. एवढं सगळ्यांना कळत होतं, पोराटोरांनासुद्धा.

त्या सालीही माहेर केलं. मी तेव्हा कॉलेजात नुकतीच गेले होते आणि माझ्याही डोक्यावर मरळी होत्या. गोणपाटातून पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. वर चांदण्या आणि डोक्यावर काहीतरी जिवंत, जड, हळूच कूस बदलणारं. त्या चालण्यात बाया बोलायच्या नाहीत. सासरहून येणारी पोर वाटेत गप्प असते, तशा.

शेवटच्या रात्री डोहाला नारळ फोडतात. नारळ कुणी फोडायचा? आण्णा म्हणाले, "संस्था हाय आता. चेरमनला मान द्यावा."

पिढ्यान्‌पिढ्या हा नारळ वस्तीतला माणूस फोडत आला होता. बाहेरच्याला तो डोह आम्ही कधी दाखवला नव्हता. तलावभरची सगळी मरळ एका खड्ड्यात आणून ठेवली आणि मग ज्याला दाखवू नये त्यालाच बोट धरून तिथं नेलं. का? तर तो आमच्या संस्थेचा अध्यक्ष होता. सहकार!

चेरमन पांढऱ्या कपड्यांत आले, गाडीचे दिवे थेट डोहावर सोडून. आत्या खेकसली, "दिवे बंद कर म्हणावं त्या डायवरला!" कुणी बंद केले नाहीत. उजेडात डोहाचं पाणी खदखदल्यासारखं दिसत होतं. काळ्या पाठी एकमेकींवरून सरकत होत्या, तोंडं वर येत होती, घोट घेत होती.

"आरं तिच्या मारी," चेरमन सोबतच्या माणसाला म्हणाले, "लई माल हाय की बे हितं."

"माल न्हाई सायेब," आत्या म्हणाली. "माहेरवाशिणी हायेत."

"मंग माहेरवाशिणीला कवातरी सासरी धाडावंच लागंल की," चेरमन म्हणाले. सगळे हसले. आण्णाही हसले. माझ्या आयुष्यात मी आण्णांचं एकच हसू विसरू शकले नाही, ते हे.

पुढच्या आठवड्यात डोहावर मोटारी बसल्या. पाइप भिंत ओलांडून चेरमनच्या बागेतल्या प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात गेला. व्यापाऱ्याच्या गाड्या बर्फ घेऊन आल्या. आण्णा कचेऱ्यांतून फिरून आले, पाणी न पिता ओट्यावर बसले आणि म्हणाले, "संस्थेचा ठराव हाय म्हणत्यात." संस्था म्हणजे कोण? आम्ही. ठराव कुणी केला? आम्हाला ठाऊक नाही. आमच्याच नावाने आमचा डोह विकला गेला आणि विकणाऱ्याच्या हाती आम्हीच हार घालून कुऱ्हाड दिली होती.

मोटारींचा आवाज रात्रंदिवस चालू होता. डासाचा असावा तसा, पण कानातून न निघणारा. आत्या जाऊन पाइपावर बसली. दोन दिवस बसली. मी भाकरी घेऊन गेले तर मला म्हणाली, "हात लावून बघ." मी पाइपाला हात लावला. तो थरथरत होता. "माज्या बुडाखालनं तलाव चाललाय," ती म्हणाली. मग तिला चेरमनच्या माणसांनी उचलून बाजूला ठेवलं. एखादी पाटी उचलून ठेवावी तसं.

पाणी संपलं, मोठे मासे गेले. मग जेसीबी आला. गाळ काढायचा, शेतात टाकायचा. डोहाचा काळाभोर गाळ ट्रॅक्टर भरभरून चेरमनच्या डाळिंबात पडायला लागला. आणि तो पसरायला मजुरीने बाया कुणाच्या? आमच्याच. दुसरं काम कुठं होतं?

एका दुपारी गाळाचा ढीग ओढताना आत्याच्या फावड्याखाली काहीतरी हललं. तिने फावडं टाकलं आणि बोटाने माती बाजूला केली. गाळाच्या गोळ्यात, स्वतःच्या अंगाच्या चिकट ओलाव्यात गुरफटून बसलेली मरळ. जिवंत. पाणी गेलं की मरळ गाळात शिरते आणि वाट बघते. जेसीबीने तिला तशीच उचलली होती, ट्रॅक्टरने तशीच आणली होती. आत्याने माती परत सारखी केली, वर फावडं ठेवलं आणि शेजारच्या बाईला मोठ्याने म्हणाली, "कावून थांबलीस गं? वड की तिकडचं."

सांज होईपर्यंत ती त्या ढिगापासून हलली नाही.

त्या रात्री आम्ही मासे धरायला डाळिंबाच्या बागेत गेलो.

मी कितीतरी रात्री तलावावर काढल्या, पण माझ्या आयुष्यातली खरी मासेमारी ती. पाणी नाही, गळ नाही, दोरी नाही. पायाखाली नुसता गाळ, वर डाळिंबाची काटेरी झाडं, ओढणीला धरून मागे खेचणारी. आत्या, चार बाया आणि मी. ढिगावर कान ठेवायचा. आत कुठंतरी ओल्या कापडाची घडी सरकल्यासारखा आवाज आला की दोन्ही हातांनी उकरायचं. झाडांच्या बुंध्याशी ठिबकच्या नळ्या होत्या. त्यातून थेंब थेंब पाणी पडत होतं. आमच्याच डोहाचं पाणी. आत्याने गोणपाट त्या नळीखाली धरलं आणि भिजवलं.

"बघ," ती माझ्या कानात म्हणाली, "चोराच्या घरी बी आपलंच पाणी उपेगी पडतंय."

एकीला हसू आलं. तिने पदर तोंडात कोंबला, तरी खुसखुस राहीना. मग सगळ्याच हसायला लागल्या, गाळात बसून, तोंड दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यात रडं किती होतं आणि हसू किती होतं हे मला सांगता येणार नाही.

परतताना राखणदाराची बॅटरी लांबून आमच्या पाठीवर पडली. त्याने नावं घेऊन हाका मारल्या, शिव्या दिल्या; पाच जणींना त्याने चालीवरून ओळखलं, कॉलेजला गेलेल्या मला नाही. आम्ही पळालो नाही. डोक्यावर मरळी असताना पळता येत नाही.

वस्तीत जनावरांचा सिमेंटचा हौद कोरडा पडला होता, जनावरं छावणीत गेली होती. टँकरच्या पाण्यातून घराघराने आपापल्या वाट्याचा एकेक हंडा त्या हौदात ओतला. पिण्याच्या पाण्यातून! वर पाचट झाकलं. पण आत्याचा हौदावर भरवसा नव्हता. तिने थोड्या मरळी घराघरांतल्या रांजणांत सोडायला लावल्या. आमच्या रांजणातही एक जोडी होती. वरून पाणी प्यायचं, खाली मरळ. रात्री उशाशी तिचा घोट ऐकू यायचा, डुब्, आणि आजारी माणसाचा श्वास नीट चाललाय हे कळावं तसं बरं वाटायचं. तिला पीठ चालत नव्हतं. झुरळं चालायची. त्या उन्हाळ्यात वस्तीत औषधाला झुरळ उरलं नाही.

पोलीस आले. संस्थेची फिर्याद होती, ‘संस्थेचे मासे तलावातून चोरले’. संस्थेच्या सभासदांनी, संस्थेचे मासे, तलावातून! तलावात तेव्हा तडे पडलेली जमीन होती, पोरं तिथं क्रिकेट खेळत होती. पोलिसांनी हौद रिकामा केला आणि मरळी पोत्यात भरून नेल्या. मुद्देमाल. तो मुद्देमाल ठाण्याच्या आवारात पडून सडला आणि म्हणे आठवडाभर साहेबांना जेवण गेलं नाही. रांजणांत मात्र कुणी डोकावलं नाही. त्यातल्याच एका रांजणातलं पाणी आत्याने फौजदाराला तांब्या भरून दिलं. तो प्यायला आणि म्हणाला, "गार हाय."

"व्हय," आत्या म्हणाली. "जितं पाणी हाय."

यथावकाश तलावाला पाणी आलं. बायांनी रांजण डोक्यावर घेतले आणि रात्री पाण्यात उतरून मरळी सोडल्या. कपाळाला हळद लावून. त्यांच्याच लेकी, त्यांच्याच नाती आज त्या फलकाखाली घोट घेताहेत. कुणाची दूरदृष्टी म्हणता?

वस्ती मात्र राहिली नाही. मरळ वाचली, पण तलावावरचा आमचा हक्क राहिला नाही. गळ टाकला की पास मागतात. दसरा झाला की ट्रक येतो, आणि जाळी विणणारे हात कोयता घेऊन त्यात चढतात. आण्णाही जातात. त्यांनी पत्रक लिहायचं सोडून दिलं. उरलेले गठ्ठे अजून उतरंडीशेजारी आहेत, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. घरांची दारं पाण्याकडे उघडी असतात आणि आत कुणी नसतं.

दुसऱ्या दिवशी आत्या फडावरून तारखेला आली ती रात्रभर गाडीत उभी राहून. हातांवर उसाच्या पात्याचे चरे, पायांत आण्णांच्या चपला. कोर्टाच्या व्हरांड्यात वकिलांनी तिला पुन्हा समजावलं. "साहेब विचारतील, गुन्हा कबूल आहे का. तुम्ही फक्त हो म्हणा. दुसरं काही बोलू नका."

"दुसरं कावून बोलू?" आत्या म्हणाली.

मला रडू येत होतं. संतापाचं रडू, ज्यात डोळे कोरडे राहतात. मी माझ्या मनात तिच्यासाठी भाषण तयार केलं होतं, पत्रकासारखं, मागण्यांसकट. ती ते करणार नव्हती, आणि तिने हो म्हणावं असंही मला वाटत होतं. ती थकली होती.

पुकारा झाला. पाचही बाया आत जाऊन उभ्या राहिल्या. संस्थेचा सचिव इस्त्रीच्या शर्टात मागच्या बाकावर बसला होता. चेरमन एकाही तारखेला आले नव्हते. साहेबांनी कागद वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"हाय," आत्या म्हणाली.

वकिलांनी फाईल मिटली. साहेब लिहायला लागले.

"पर सायेब, त्येवढं बरूबर लिवा," आत्या म्हणाली. "तितं तलावातनं चोरले आसं लिवलंय. तलावात तवा पाणीच नव्हतं. म्या चोरले ते चेरमनसायबाच्या डाळिंबाच्या बागेतनं. मातीतनं उकरून. तसं लिवा. आन् मासा डाळिंबाखाली कसा गेला, ते त्येंनला इचारून लिवा."

साहेबांचा हात थांबला. सचिवाने खिशातून फोन काढला आणि परत ठेवला. मागच्या चौघींपैकी एक म्हणाली, "आमचं बी तसंच लिवा." मग दुसरी. मग बाकीच्या.

साहेबांनी वकिलांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि विचारलं, "फिर्यादी स्वतः कुठे आहेत?" सचिव उठून उभा राहिला. पुढच्या तारखेला फिर्यादींना हजर ठेवा, असं त्यांनी सांगितलं. सगळ्यांना नवी तारीख मिळाली.

बाहेर उन्हात पायऱ्या उतरताना मी म्हणाले, "आत्या, हो म्हणून गप्प बसली असतीस तर आज सुटली असतीस."

"आन् त्यो बी सुटला आसता," आत्या म्हणाली, आणि फडाकडे जाणारी एसटी बघायला रस्ता ओलांडून गेली.